खिंड लढवणे, किल्ला लढवणे

'एकट्याने खिंड लढवली' असं क्रीडापानावर छापून येतं. त्यावरून प्रश्न आलाय: लढतात ती माणसं, मग खिंड 'लढवतात' कशी? आणि 'किल्ला लढवणे' म्हणजे तेच का?

'लढवणे' हे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला लढायला लावणं. कोंबडे लढवतात, शक्कल लढवतात, निवडणूकसुद्धा लढवतात. पण कर्म म्हणून किल्ला, खिंड असं ठिकाण आलं की ते फक्त राखणाऱ्याचं होतं. वेढा घालणारा किल्ला लढवत नाही. तो घेतो, नाहीतर हात हलवत परत जातो. लढवतो तो किल्लेदार आणि त्याची शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज.

खिंड म्हटलं की मराठी माणसाला घोडखिंडच आठवणार, म्हणजे आजची पावनखिंड. जुलै १६६०. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज भर पावसात, रात्रीचे, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. मागावर जौहरचा सिद्दी मसूद. गजापूरजवळच्या या अरुंद वाटेत बाजीप्रभू देशपांडे थांबले आणि त्यांच्याबरोबर बांदल देशमुखांचे मावळे, हिरडस मावळातले, म्हणजे आजच्या भोरकडचे. साधारण तीनशे हा आकडा रूढ आहे. खिंडीत मोठ्या फौजेचा उपयोग नसतो. समोरासमोर येणार मोजकेच. पण विशाळगडाखालीही सुर्वे-दळवी या आदिलशाहीकडच्या सरदारांचा वेढा होता. तो फोडून महाराज वर जाईपर्यंत मागची वाट अडवून धरायची होती.

फरक इथेच आहे. किल्ला आपल्याकडे राहावा म्हणून लढवतात. खिंड लढवतात ती वेळ मिळावा म्हणून. काम झाल्यावर ती हातची गेली तरी बिघडत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत हनुमा विहारीने १६१ चेंडूंत नाबाद २३ करत अश्विनच्या साथीने दिवस काढला आणि सामना अनिर्णित राखला, ती खिंडच. तळाच्या फलंदाजांना वाचवत शतक ठोकणाऱ्याला मी खुशाल 'किल्ला लढवला' म्हणेन.

खटकतं ते 'एकट्याने'. नाव बाजीप्रभूंचं राहिलं, ते योग्यच, पण मान बांदलांनाही मिळाला: जेधे देशमुखांकडचं मानाचं पहिलं पान, म्हणजे दरबारातला पहिला मान, महाराजांनी त्यांना दिलं. आणि ही नोंद सापडते ती खुद्द जेध्यांच्या करीन्यात, म्हणजे त्यांच्याच घराण्याच्या हकिकतीत!

'खिंडीत गाठणे' मात्र उलट्या बाजूचं. त्यात खिंड निवडतो तो हल्ला करणारा आणि अडकतो दुसराच. विरोधक सरकारला खिंडीत गाठतात. सरकारने 'खिंड लढवली' असं लिहायचं, तर कुणाला निसटायला वेळ हवा होता तेही बातमीत यायला हवं.