अमोनिया पाण्यात गेला की अमोनियम हायड्रॉक्साइड बनतं, हे पाठ आहे. पण त्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

माझे अकरा टेट्रा मासे एका रात्रीत गेले. फरक पडतो तो एवढा.

आधी पाठ केलेलं जरा सैल करा. अमोनियम हायड्रॉक्साइड नावाचा वेगळा रेणू बाटलीत सापडत नाही. अमोनिया पाण्याकडून एक प्रोटॉन घेतो, त्याचा अमोनियम आयन होतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. हे उलटही घडतं आणि सतत घडत असतं. 0.1 मोलर, म्हणजे पातळ द्रावणात जेमतेम 1.3 टक्के अमोनिया असा बदललेला असतो, तरी पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; 7 च्या वर अल्कधर्मी) 11 च्या पुढे जातो. पण पाण्याचा पीएच दुसऱ्याच कशाने ठरत असेल, तर अमोनिया किती आणि अमोनियम किती हे तो पीएच ठरवतो. साधारण 9.25 ला दोघे निम्मे निम्मे. त्याखाली अमोनियम जास्त.

आता माझी टाकी. दोन वर्षं जुनी, पाणी हळूहळू आम्लधर्मी होत 6.4 वर आलेलं. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया 8 मिलिग्रॅम प्रतिलिटर, तरी मासे मजेत पोहत होते. दादाने तो आकडा बघितला आणि म्हणाला, अर्धं पाणी आत्ताच्या आत्ता बदल. मी म्हटलं, थोडं थोडं बदलू. त्याने ऐकलं नाही. दोन दिवस भरून ठेवलेलं पाणी होतं, क्लोरीन उडून गेलेला, पण पीएच 8.6. ते ओतलं. रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. सकाळी सगळे तळाशी. टाकीचा पीएच 8.4, किटवर अमोनिया 4.

दादा तेव्हापासून म्हणतोय, अमोनिया निम्मा झाला, मग अमोनियाने कसे मरतील? तूच खाणं जास्त टाकत होतीस.

किट अमोनिया आणि अमोनियम एकत्र मोजतं. 25 अंशांना, 6.4 वर त्यातला फक्त 0.14 टक्के मोकळा अमोनिया असतो, 8.4 वर 12 टक्क्यांहून जास्त. आठातला 0.011 होता, चारातला 0.5 झाला. एकूण निम्मा, मोकळा चाळीस पटींहून जास्त. आणि कल्ल्यांतून सहज आरपार जातो तो हाच, विद्युतभार नसलेला. भार असलेल्या अमोनियमला ती वाट इतकी सोपी नाही. खाणं जास्त पडत असेल, तर त्याने 8 हा आकडा आला असेल. त्या रात्रीचं कारण ते नव्हे.

म्हणून टाकीत अमोनिया साचलेला दिसला, तर आधी दोन्ही पाण्यांचा पीएच मोजा. नवं पाणी चढं असेल तर खाणं थांबवा आणि रोज दहावा हिस्सा बदला, घाई करणाऱ्या घरच्या माणसाला टाकीपासून लांब ठेवून.

एवढं मात्र मान्य करते की पीएच एका संध्याकाळीत दोन अंकांनी चढला, तो धक्काही माशांना सोसवत नाही. दोन्हींपैकी कशाने किती, हे मला वेगळं करता येणार नाही. तापमान बदललं की वरचे टक्केही बदलतात. पाणी गरम, तर मोकळा अमोनिया जास्त. पण दोन्ही कारणं ओतलेल्या पाण्यातूनच आली, चिमूटभर खाण्यातून नाही. दादाला हा हिशेब मी कागदावर लिहून दिलाय. त्याने तो अजून वाचलेला नाही.