वाचकांचे प्रश्न : इस्तंबूलच्या हमामात पहिल्यांदा जाताना

प्रश्न : मी 58 वर्षांची आहे. एप्रिलमध्ये मुलगा आणि सून मला इस्तंबूलला नेणार आहेत. सुनेने मोठ्या हौसेने आम्हा दोघींसाठी हमामाचं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक गरम स्नानगृहाचं बुकिंग केलंय. तिला नाही म्हणवत नाही, पण परक्या बाईसमोर आणि सुनेसमोर कपडे उतरवायचे या विचारानेच माझी झोप उडाली आहे. पोटावर जुन्या ऑपरेशनचा मोठा व्रण आहे, त्याचाही संकोच वाटतो. तिथे अंगावर काय ठेवायचं? मंगळसूत्र काढावं लागतं का? आणि आपल्या अजाणतेपणी काय केलं तर तिथल्या लोकांना वाईट वाटेल? – एक वाचक

उत्तर : तुमचा संकोच मला अगदी ओळखीचा आहे. ‘हमाम में सब नंगे’ हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की तिथे गेल्यावर सगळंच सोडावं लागणार असं वाटतं. तसं मुळीच नाही. आत गेलात की तुम्हाला पेश्तमाल मिळतो. पातळ सुती, बहुधा चौकड्यांचा किंवा पट्ट्यांचा पंचा, अंगाभोवती गुंडाळायचा. बायकांच्या भागात बहुतेक जणी खालचं अंतर्वस्त्र ठेवतात, वरचं काढतात. पोहण्याचा पोशाख घालणाऱ्याही असतात आणि त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. तुम्ही कंबरेच्या वरपर्यंत येणारं गडद रंगाचं अंतर्वस्त्र घाला. व्रण बराचसा झाकला जाईल. कोरडा जोड मात्र आठवणीने न्या, सगळं चिंब होतं.

अंग चोळणाऱ्या बाईला नातिर म्हणतात. बायकांच्या हमामात बाईच चोळते, हीच जुनी रीत. पर्यटकांसाठी चालवलेल्या काही ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि चोळणाराही पुरुष असू शकतो, म्हणून सुनेला आधीच विचारून घ्यायला सांगा. नातिरने रोज कितीतरी शरीरं हाताळलेली असतात. बाळंतपणाच्या खुणा, टाके, सुटलेली पोटं, सगळं. व्रणावर बोट ठेवून मान हलवलीत की ती तेवढा भाग सोडून देते. एक शब्द पाठ करून जा : ‘यावाश’, म्हणजे हळू.

आता सुनेबद्दल. पूर्वी मुलासाठी स्थळ बघणाऱ्या आया हमामातच मुली हेरत असत. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी आणि नात्यातल्या बायका वाजतगाजत हमामात नेत, बाळाच्या चाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघांना नेत. सासवा, सुना, आज्या, नाती एकाच दगडावर दुपारभर बसून खात-पीत गप्पा मारत. तुम्ही दोघी तिथे जाल ते एका फार जुन्या रांगेतच जाऊन बसाल. तरीही अवघड वाटलं, तर एकमेकींकडे पाठ करून पेश्तमाल गुंडाळा. तेवढं पुरतं.

दागिन्यांचं मात्र मी आग्रहाने सांगते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं आधीच काढा. उष्णतेने धातू तापतो, चोळताना साखळी ओढली जाते आणि ओल्या संगमरवरावर काचेची बांगडी फुटली तर अनवाणी पायांचं काय होईल ते सांगायला नको. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर बाहेर कुलूपबंद कपाट असतं, छोट्या पिशवीत घालून तिथे ठेवा आणि किल्ली मनगटाला अडकवा.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर पाण्याशी जोडलेलं आहे. आतल्या गरम खोलीत भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. गरम आणि थंड पाण्याचे नळ त्यात सोडलेले असतात. कुर्नाला तळाशी पाणी जायला भोक नसतं. वाहतं पाणी तेच शुद्ध, ही त्यामागची समजूत. म्हणून कुर्नातलं पाणी कुणीही विटाळायचं नाही. तास नावाच्या पसरट धातूच्या वाटीने पाणी घ्यायचं आणि अंगावर ओतायचं. साबणाचा हात आत बुडवायचा नाही, काठावर बसायचं नाही, पाय तर घालायचाच नाही.

हे मला कळलं ते चूक करूनच. एका वस्तीतल्या साध्या हमामात मी साबणाने माखलेली तास सरळ कुर्नात बुडवली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने माझं मनगट धरलं. रागावली नाही. वाटी माझ्या हातून घेतली, नळाखाली धरून धुतली, मग कुर्नातलं सगळं पाणी वाटीवाटीने बाहेर उपसून टाकलं आणि नळ पुन्हा सोडला. भरायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ आम्ही दोघी गप्प बसून होतो. भरल्यावर पहिली वाटी तिने माझ्याच खांद्यावर ओतली. त्या दिवसापासून मी कुर्नाजवळ बसले की आधी हात धुते.

पाणी ओतताना शेजारणीच्या अंगावर शिंतोडे उडू देऊ नका, तेही वाईट दिसतं. फोन आत नेऊच नका, नुसता हातात असला तरी बायका बिचकतात.

तिथे काय घडतं तेही थोडक्यात सांगते. बाहेरच्या उंच दालनात कपडे बदलायचे, मधल्या कोमट खोलीतून आत जायचं. मध्यभागी मोठा गरम दगड असतो, गोबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड. त्यावर पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं. वर घुमटात काचेची गोल गोल छिद्रं असतात, त्यांतून उजेडाचे खांब वाफेत उतरतात. घाई करू नका, कातडी मऊ झाल्याशिवाय पुढचं नीट होत नाही. मग नातिर हातात केसे नावाचा खरखरीत पिशवीवजा मोजा घालून चोळते. मळाच्या राखाडी वळ्या निघतात. आपण शरमून जातो, तिला मात्र काम जमल्याचं समाधान वाटतं. नंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडी पिशवीत हवा भरून पिळली की फेसाचा डोंगर अंगावर येतो. शेवटी कुर्नाजवळ बसवून ती केस धुते. अगदी लहानपणी आईने धुतले होते तसे.

भरल्या पोटी जाऊ नका, आदल्या दिवशी पाय किंवा काखा वॅक्स करू नका. रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरगरलं तर लगेच मधल्या खोलीत या. ओल्या फरशीवर सांभाळून चाला.

प्रश्न : पुरुषांनी काय पाळायचं? आणि जुन्यातला कुठला हमाम निवडावा? – आणखी एक वाचक

उत्तर : पुरुषांनी पेश्तमाल पूर्ण वेळ कंबरेला ठेवायचा. अंग धुतानाही, बदलतानाही. तो सोडणं हा तिथे सरळ असभ्यपणा आहे. चोळणाऱ्या पुरुषाला तेल्लाक म्हणतात. तो बायकांच्या नातिरपेक्षा जोर लावतो, तेव्हा ‘यावाश’ तुम्हालाही लागेल.

चेंबेरलीताशचा हमाम 1584 मधला. ऑटोमन दरबारचा मुख्य वास्तुकार मिमार सिनान याने तो सुलतानाची आई नुरबानू सुलतान हिच्यासाठी बांधला. जाअलोलूचा 1741 चा. त्याच्या उत्पन्नातून आयासोफ्या (हागिया सोफिया) मशिदीतल्या ग्रंथालयाचा खर्च चालावा, अशी पहिल्या महमूद सुलतानाची योजना होती. दोन्ही ठिकाणी बायका-पुरुषांचे भाग वेगळे. तोपहानेतला किलिच अली पाशा हमामही सिनानचाच, पण तिथे एकच भाग असल्याने बायकांची आणि पुरुषांची वेळ वेगळी असते. मला विचाराल तर या तिघांपैकी एक बघा आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी एखाद्या वस्तीतल्या लहान हमामात जा. तिथे शेजारच्या गल्लीतल्या बायका येतात, दर कमी असतो आणि साबण-मोजा आपला न्यावा लागू शकतो.

प्रश्न : बक्षिशी किती आणि केव्हा? – एक वाचक

उत्तर : सगळं आटोपून कपडे घातल्यावर, बाहेरच्या दालनात, ज्याने किंवा जिने तुम्हाला चोळलं त्यांच्याच हातात. दराच्या दहा ते वीस टक्के, रोख लिरामध्ये. आत नेलेली नोट भिजते, म्हणून ती कपाटात ठेवून जा. त्याआधी टॉवेलात गुंडाळून चहा किंवा सरबत घेत थोडं बसा. जाणारं-येणारं कुणी ‘सिहातलेर ओलसुन’ म्हणेल, आरोग्य लाभो असा त्याचा अर्थ. तुम्ही ‘तेशेक्कुर एदेरिम’ म्हणा, म्हणजे आभारी आहे.