‘ताप’ लिहिलेल्या 13 चिठ्ठ्या

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर पडते. शाळेने उपस्थितीबद्दल पत्र पाठवलेले असते आणि ते हातात धरून आईवडील विचारतात, ‘आता याचे नाव काढून टाकतील का? 75 टक्के भरले नाहीत तर वर्ष वाया जाईल का?’ दक्षिण नागपुरातील एक कुटुंब नोव्हेंबरच्या अखेरीस हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी येथे बदलले आहेत.

मुलगा सातवीत होता. वडील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत बहुतेक रात्रपाळीला असत आणि आई सीताबर्डीला कापडाच्या दुकानात कामाला जात असे. पत्राप्रमाणे शाळेच्या 108 दिवसांपैकी मुलगा 31 दिवस गैरहजर होता. आईने खुर्चीवर टेकताच विचारले, “मॅडम, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून एखादं सर्टिफिकेट भेटून जाईन का? म्हणजे शाळेचं तोंड बंद होईन.” वडिलांनी तर हिशेबच मांडून ठेवला होता. वर्षाचे 220 दिवस, त्यांचे 25 टक्के म्हणजे 55, त्यांतले 31 गेले, तेव्हा अजून 24 बाकी आहेत, असे ते मला समजावून सांगत होते. उपस्थितीच्या टक्केवारीकडे शिल्लक रजेसारखे पाहणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत, परंतु इतका चोख हिशेब प्रथमच पाहिला.

आधी नियमांचे बोलणे उरकले. 75 टक्क्यांची अट दहावी आणि बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी असते. सातवीच्या मुलाला ती तशी लागू नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकांवर खटला भरला जाईल ही भीती आईला मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओमुळे वाटत होती. इंग्लंडमध्ये मुलांना विनापरवानगी घरी ठेवणाऱ्या पालकांना दंड होतो, हे खरे आहे. आपल्या कायद्यात पालकांसाठी अशी शिक्षा सांगितलेली नाही. पालकाने मुलाला शाळेत दाखल करावे हे कर्तव्य त्यात आहे, आणि 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांतही घातले आहे.

हे ऐकून दोघांच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि तो इतक्या लवकर उतरलेला मला आवडला नाही. म्हणून दुसरी बाजूही सांगितली. महाराष्ट्रात पूर्वपरवानगीशिवाय सलग एक महिना गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य समजले जाते आणि त्याचा शोध घेतला जातो. सोमवारी एक, गुरुवारी एक अशी विखुरलेली गैरहजेरी मात्र या व्याख्येच्या चाळणीतून सहज गळून जाते. अनेक देशांतील शिक्षणतज्ज्ञ वर्षातील दहा टक्के दिवस बुडाले, तरी त्याला धोक्याची गैरहजेरी मानतात. आपल्या 220 दिवसांत ते 22 दिवस होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन-तीन. शिवाय पाचवी आणि आठवीला आता आपल्या राज्यात वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. हा मुलगा पुढच्या वर्षी आठवीत जाणार होता.

प्रमाणपत्र मिळवून देण्यास मी नकार दिला आणि त्याऐवजी पुढच्या भेटीला शाळेची दैनंदिनी आणण्यास सांगितले. ती घेऊन बसले, भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढून टेबलावर पसरली आणि लाल पेन्सिलने एकेक तारीख गोल करत गेले. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला तेव्हाचे शाळेचे 12 दिवस सलग होते आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नव्हते. उरलेल्या 19 दिवसांपैकी 8 गुरुवार निघाले आणि 6 सोमवार. बाकीच्या पाचांत उमरेडचे एक लग्न होते, पावसाचे दोन दिवस होते आणि दोन दिवसांचे कारण कोणालाच आठवेना. दैनंदिनीत आईच्या अक्षरात, निळ्या शाईत, त्या 19 दिवसांसाठी ‘ताप असल्यामुळे अनुपस्थित’ अशा 13 चिठ्ठ्या होत्या. मी त्या मोठ्याने वाचल्या नाहीत. फक्त पाने उलटत गेले. सातव्या-आठव्या पानावर आईच म्हणाली, “पोट दुखून राह्यलं म्हणते हा सकाळी. पोटदुखी लिहिली तर सर विचारतात, काय खाल्लं होतं म्हणून. तापाला कोणी काही विचारत नाही.”

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्या भेटीत वडिलांनी मोबाइलचा उल्लेख केला होता आणि मीही मनातल्या मनात सारा दोष मोबाइलवर टाकून मोकळी झाले होते. गुरुवारांची ती उभी रांग पाहिल्यावर मात्र मुलाशी एकट्याने बोलणे भाग पडले. गुरुवारी काय असते, असे विचारले तेव्हा तो बराच वेळ पेन्सिलचे टोक टेबलावर घासत राहिला. गुरुवारी गणिताची जोड तासिका होती आणि सोमवारी गणिताची छोटी चाचणी. डेंग्यूनंतर तो वर्गात परतला तोवर पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकवून झालेला होता. फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, ते जमले नाही, आणि ‘हा तर नेहमी आजारीच असतो’ असे शिक्षक सहज बोलून गेले, त्यावर वर्ग हसला. त्या शिक्षकांना हे वाक्य आठवतही नव्हते, असे नंतर कळले. मुलाचे वाक्य मात्र मी माझ्या वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: “ऋण गुणिले ऋण धन कसं होते, ते शिकवलं तेव्हा मी दवाखान्यात होतो.”

मग पोटदुखी खोटी होती का? बालरोगतज्ज्ञांना दाखवून आजार नसल्याची खात्री करून घेतली, तरीही माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. भीतीने मुलाचे पोट खरोखरच दुखते. घरी राहिल्यावर ते तासाभरात थांबते, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या गुरुवारी ते अधिक लवकर दुखू लागते. या घरात त्यात वेळापत्रकाची भर पडली होती. आई साडेनऊला बाहेर पडे, वडील सकाळी आठला येऊन झोपलेले असत आणि शाळेची व्हॅन सव्वादहाला येई. व्हॅनच्या वेळी घरात जागे असलेले एकमेव माणूस म्हणजे हा बारा वर्षांचा मुलगा. शाळेत जायचे की नाही, याचा निर्णय कोणी जाणूनबुजून त्याच्यावर सोपवला नव्हता, पण तो त्याच्याकडेच आला होता.

पालकांच्या जबाबदारीबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या पाऊण तासाबद्दल आहे. मुलाच्या उपस्थितीवर लक्ष ठेवणे हे कायद्याने शासन आणि स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. मूल नियमित येते की नाही, हे पालकांना भेटून सांगणे हे शिक्षकांचे काम आहे. या शाळेने 31 दिवस उलटल्यावर पत्र पाठवले, ते बऱ्याच आधी यायला हवे होते, असे मी वर्गशिक्षकांना स्पष्टपणे सांगितले. तथापि साडेनऊ ते सव्वादहा या वेळेत त्या दारापाशी ना शासन उभे राहू शकत होते ना शिक्षक, आणि 13 चिठ्ठ्यांनी तर शिक्षकांना कळण्याचा मार्गच बंद करून टाकला होता. आईने हे प्रेमापोटी केले, यात मला शंका नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षक, गणिताचे शिक्षक आणि आईवडील एकत्र बसले. ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. सकाळी पोट दुखले तर थर्मामीटर लावायचा. ताप, उलटी किंवा जुलाब असेल तर घरी राहायचे, नाहीतर शाळेत जायचे, आणि वर्गात असह्य झाले तर कोणालाही कारण न सांगता पर्यवेक्षकांच्या खोलीत दहा मिनिटे बसण्याची त्याला मुभा. घरी राहिलेल्या दिवशी अंथरूण आणि वरणभात. टीव्ही आणि मोबाइल बंद. गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा शाळा भरण्यापूर्वी वीस मिनिटे देण्याचे स्वतःहून कबूल केले आणि महिनाभर त्याला फळ्यापाशी बोलावणार नाही, असेही सांगितले. सर्वांत कठीण भाग वडिलांच्या वाट्याला आला, कारण रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दहाला पुन्हा उठावे, असे सांगताना मलाही संकोच वाटत होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दहाचा गजर लावून ते उठू लागले, मुलाला व्हॅनमध्ये बसवू लागले आणि परत येऊन झोपू लागले.

पहिला गुरुवार वाईट गेला. मुलगा व्हॅनच्या पायरीवर रडला आणि त्या दिवशी शाळेत गेला नाही. दुसऱ्या गुरुवारी वडिलांनी व्हॅन जाऊ दिली आणि स्कूटरवर, वाटेत एकही शब्द न बोलता, त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडले. तो दोनदा पर्यवेक्षकांच्या खोलीत जाऊन बसला, पण घरी आला तो शाळा सुटल्यावरच. जानेवारीत त्याने ती खोली वापरल्याचे मला आठवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर त्याचे एकूण चार दिवस बुडाले: तो पहिला गुरुवार, खऱ्या तापाचे दोन दिवस आणि एक शनिवार.

त्या शनिवारची चिठ्ठी दाखवायला आई मुद्दाम दैनंदिनी घेऊन आली होती. लिहायला बसल्यावर हात सवयीने ‘ता’पर्यंत गेला होता, ते खोडलेले अक्षर पानावर दिसत होते. त्याच्यापुढे लिहिले होते, ‘मामाच्या मुलीच्या साक्षगंधाला भंडाऱ्याला गेलो होतो, म्हणून अनुपस्थित.’ त्याखाली वर्गशिक्षकांनी लाल शाईने शेरा दिला होता: ‘पाहिले. शनिवारी भूगोलाचा नकाशा झाला आहे, सोमवारी विचारून घेणे.’