पहिल्या ट्रॅक डेला जाताना इंजिनला हात लावू नका, ब्रेक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, रोजच्या वापरातली पेट्रोल स्विफ्ट आहे, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पहिल्यांदा ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, जायचंय. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं), फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर आणि रुंद टायर यांपैकी आधी काय करावं?

माझं मत विचाराल तर तिन्ही नको. हीच गाडी तुम्हाला हजार किलोमीटरहून लांब नेणार आहे आणि तीच घरी परत आणणार आहे. शिवाय कारीचा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, वळणावळणाचा. वाढवलेली ताकद वापरायला तिथे फारशी जागा नाही, ब्रेक मात्र सतत लागतो. म्हणून पैसे ब्रेकवर घाला.

ब्रेक ऑइल हळूहळू हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. पसरणीचा घाट उतरताना आपण दुसरा गिअर टाकून ब्रेकला आराम देतो, ट्रॅकवर तो आराम मिळत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा जोर ते दाबण्यातच जातो आणि पेडल पोकळ होऊन खाली बसतं. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला घासणाऱ्या पट्ट्या, तापलेत. दोन्ही वेळी एकच करायचं: वेग सोडा, उरलेली फेरी सावकाश मारा, आत या.

तेव्हा निघायच्या आठवड्यात चारही चाकांतून जुनं ऑइल काढून सीलबंद डबीतलं नवं डॉट 4 भरून घ्या. गाडीच्या पुस्तकात डॉट 3 लिहिलं असलं तरी डॉट 4 चालतं. डॉट 5 मात्र चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं. पॅड अर्ध्याच्या वर शिल्लक हवेत आणि एक नवा सेट डिकीत हवा. गॅरेजवाल्याला चाक काढून पॅड दाखवायला सांगा, नुसतं "चांगलेत" ऐकून निघू नका.

टायर आहेत तेच ठेवा, फक्त बाजूला फुगवटा किंवा चीर नको. ट्रॅकवर टायर तापून हवा वाढते, म्हणून प्रत्येक सेशननंतर (ट्रॅकवर सोडतात त्या प्रत्येक पाळीनंतर) गेज लावून बघा आणि संध्याकाळी टायर थंड झाले की पुन्हा नेहमीची हवा भरा. इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ, कूलंट पुरेसं. चाकांचे नट पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासा. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं ट्रॅकवर जायच्या आधी उतरवून ठेवा. ब्रेकखाली बाटली अडकणं किती भयंकर आहे, हे वेगळं सांगायला नको.

विम्याची पॉलिसीही वाचा. आपल्याकडच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून जाईल हे धरूनच चला.

आता तुमच्याबद्दल. सराव म्हणून पहाटे यवतेश्वरच्या घाटात गाडी पळवणार असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून हे करू नका. समोरून दूधवाला येतो, कासला जाणारी माणसं येतात, आणि तिथे चुकायला जागाच नाही. त्याऐवजी मोकळ्या मैदानावर परवानगी घेऊन चाळीसच्या वेगातून पूर्ण ब्रेक दाबा. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. ते ओळखीचं झालं की घाबरून पाय उचलला जात नाही. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ तळव्याचे बूट. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये इशाऱ्याच्या झेंड्यांचे अर्थ आणि ओव्हरटेकची जागा नीट ऐका, कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा. पहिलं सेशन फक्त रस्ता ओळखण्यात घालवा: सरळ गाडीत ब्रेक, मग वळण, नजर पुढच्या वळणावर. मागून कोणी वेगात आलं तर खुशाल जाऊ द्या.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न वापरता मारून ब्रेक थंड होऊ द्यायचे, आणि पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या उभ्या करतात तिथे) हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करायची. थकवा जाणवला तर उरलेलं सेशन सोडा. रात्री तिथेच मुक्काम करा, सकाळी पॅड आणि नट बघून मगच बंगळूरचा रस्ता धरा.