देणी फेडायची वही

एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांचा ऑनलाइन गट बारा वर्षे चालवणाऱ्या एका बाईंनी मला अलीकडेच विचारले, "मालिका संपून कितीतरी वर्षे झाली, लिहिणारे वीस-पंचवीसच उरले, नोकरी आणि घर सांभाळून मलाही वेळ होत नाही. पण गट बंद करायचे मनात आले की आपण कुणाला तरी घराबाहेर काढतो आहोत असे वाटते आणि झोप उडते. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे जावे का?" 'एवढ्याशा' हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. गेल्या काही वर्षांत हीच तक्रार निरनिराळ्या रूपांत घेऊन माणसे माझ्याकडे आली आहेत. त्यांपैकी एका गृहस्थांबरोबर केलेले काम मला या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे मांडते.

हे गृहस्थ सहकारनगरात राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास. गटात सगळे त्यांना 'दादा' म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या आतेभावाने ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर बालगंधर्व आणि त्यांच्या काळातील नाट्यसंगीत यांच्या रसिकांचा समूह सुरू केला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले तेव्हा दादांनी एकेकाला निरोप धाडून मंडळी फेसबुकवर आणली. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरही गट झाला आणि तिथे २५६ माणसांची मर्यादा होती त्या काळात त्याचे दोन गट करावे लागले. सदस्यांनी माळ्यावर पडलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या पुसून, वाजवून, त्यांची ध्वनिमुद्रणे इतरांना ऐकवली; लेबलवर काय छापले आहे, साथीला ऑर्गनवर कोण असावे, यावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा केल्या. दरवर्षी २६ जूनला, म्हणजे नारायणरावांच्या (बालगंधर्वांचे हेच मूळ नाव) जन्मदिवशी, जो पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचाही वर्धापनदिन आहे, बाहेरगावची मंडळी पुण्यात येत आणि दिवसभर ऐकत बसत. एका अ‍ॅपमधला हा गट होता हे खरे, पण त्यात अठरा वर्षे खर्ची पडली होती.

दादा माझ्याकडे आले ते छातीत धडधडते म्हणून. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. पहिल्या भेटीत त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, तरी तो थरथरला की त्यांची नजर तिकडे जात होती. कोविडच्या काळात गटातील दोन जुने संग्राहक गेले. त्यानंतर चर्चा विरळ झाली आणि त्या जागी सुप्रभात, राजकारण आणि तीच ती ढकललेली चित्रे आली. ती काढून टाकण्यात, रुसलेल्यांना समजावण्यात आणि भांडणे मिटवण्यात दादांचे दिवसाचे तीन-चार तास जात. जेवताना ताटाशेजारी फोन असे. त्यांच्या पत्नी एकदा सोबत आल्या होत्या, त्या एवढेच म्हणाल्या, "आठ महिन्यांत यांनी एकही पद शांतपणे ऐकलेलं नाही." दादांनी मान खाली घातली. मुलाने त्यांना सुचवले होते, "बाबा, एक बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं." त्यावर ते दोन दिवस मुलाशी बोलले नव्हते.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. दुसऱ्याच भेटीत मी त्यांना सुचवले की, महिनाभर विश्रांती घ्यावी आणि गटाची सूत्रे दुसऱ्या कुणाकडे द्यावीत. सल्ला वरवर शहाणपणाचा होता, पण मी तो दुःख ऐकून घेण्याआधी दिला. पुढच्या भेटीला ते अधिक अस्वस्थ होऊन आले. सूत्रे घेण्यास तयार झालेल्या दोघांना त्यांनी रोज दहा सूचना पाठवल्या होत्या आणि दोघेही दुखावले गेले होते. मुलाने बटण दाखवले होते आणि मी वारसदार दाखवला होता. काहीतरी संपत आले आहे, हे मान्य करण्याची मुभा आम्हा दोघांपैकी कुणीच त्यांना दिली नव्हती.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात अशा दुःखाचा विचार मांडला, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. घरात कुणी गेले तर माणसे भेटायला येतात, तेराव्यापर्यंत रडायला जागा असते, शेजारी पिठले-भात आणून देतात. अठरा वर्षांचा गट आटत जातो तेव्हा कुणी भेटायला येत नाही, आणि ज्याचे ते दुःख आहे तोही स्वतःला दटावतो की, एवढ्याशासाठी काय रडायचे. दादांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग गेलेल्या दोन संग्राहकांपैकी एकांविषयी बोलू लागले. हे गृहस्थ गेल्याचे कळले त्या दिवशी दादांनी गटात श्रद्धांजली लिहिली, आलेल्या दोनशे प्रतिसादांना उत्तरे दिली, एका अनुचित शेऱ्यावरून झालेला वाद मिटवला, आणि स्वतः रडायचे मात्र राहूनच गेले. त्या भेटीत ते रडले. आमचे खरे काम तिथून सुरू झाले.

चौथ्या भेटीत त्यांनी मनातला मुख्य अडसर सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, नारायणरावांच्या डोक्यावर केवढं कर्ज होतं. त्यांनी कंपनी सोडली नाही. आणि मी त्यांच्याच नावाचा गट थकलो म्हणून बंद करायचा?" माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याच आयुष्यातून स्वतःला बांधणारा दोर वळतो, हे मी पूर्वीही पाहिले आहे, पण इतके स्पष्ट क्वचितच कुणी बोलते. नाट्यसंगीत माझ्याही घरात होते, त्यामुळे मला त्यांना उत्तर देता आले. गंधर्व नाटक मंडळी ही त्यांची नाटक कंपनी १९१३ मध्ये निघाली, ती पुढे मोठ्या कर्जात आली आणि नारायणरावांनी नादारी न पत्करता ते कर्ज फेडले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पण त्यात त्यांनी आपली म्हणून पत्करलेली गोष्ट देणे फेडण्याची होती. कंपनी तिच्या जुन्या रूपात कायम चालू राहावी, ही अट त्यात नव्हती. १९३५ मध्ये तेच नारायणराव प्रभातच्या चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. "तुम्ही देणं आणि कंपनी एकच समजत आहात," मी म्हणाले. "तुमच्यावर कुणाचं काय देणं आहे, ते आपण लिहून काढू. देणं फेडता येतं, त्याला शेवट असतो. कंपनी चालवत राहण्याला मात्र शेवट नाही."

पुढच्या भेटीला ते दोनशे पानी वही घेऊन आले. बँकेतील माणसाची वही होती, रकाने आखलेले होते. सदस्यांनी दिलेली दोनशेहून अधिक ध्वनिमुद्रणे त्यांच्या संगणकावर होती. ज्याची त्याला परत करायची, आणि एखाद्या संग्रहालयाला द्यायची तर मालकाला विचारूनच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो, पण पदाच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. वार्षिक भेटीसाठी जमवलेल्या पैशांतून काही हजार रुपये शिल्लक होते. त्यांचा हिशेब देऊन ते परत करायचे होते. सदस्यांचे फोन क्रमांक आणि पत्ते असलेली यादी नष्ट करायची होती. दिवंगत संग्राहकांची मुलगी अधूनमधून गटात येऊन वडिलांचे जुने लिखाण वाचत असे. ते सगळे एकत्र करून तिला पाठवायचे होते. या एका नोंदीला त्यांना तीन आठवडे लागले, कारण पाठवण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः पुन्हा वाचले. मी त्यांना घाई केली नाही. दुःख करायला त्यांना जागा हवी होती, आणि ती त्या वाचनात होती.

वहीच्या शेवटच्या पानावर आतेभावाचे नाव होते. गटात इतर गायकांची ध्वनिमुद्रणे घ्यावीत की नाही, यावरून २०१५ मध्ये दोघांत बिनसले होते. आतेभाऊ गट सोडून गेला आणि त्यानंतर दोघे लग्नकार्यातसुद्धा एकमेकांशी बोलले नव्हते. "हे देणं गटाचं नाही," असे म्हणून दादांनी ते पान उलटले. मीही ते तिथेच सोडले.

गट बंद करण्याच्या निवेदनावर आम्ही एक पूर्ण भेट खर्च केली. त्यांचा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात क्षमायाचना होती, अखेरीस लिहिले होते, "आपणा सर्वांची इच्छा असल्यास फेरविचार करता येईल." ते वाक्य मी आग्रहाने काढायला लावले. जो निर्णय झाला आहे तो मतदानाला टाकणे ही नम्रता नव्हे. त्यात उरलेल्या माणसांवर आपल्याला अडवण्याची जबाबदारी टाकली जाते, आणि जे अडवत नाहीत त्यांच्यावर आपण मनातून रुसतो. अंतिम निवेदन एका पानाचे झाले: थकवा हे खरे कारण, तारीख, ध्वनिमुद्रणांचे आणि पैशांचे काय होणार, आणि आभार. सूचना दोन महिने आधी द्यायची ठरले. तारीख म्हणून त्यांच्या मनात २६ जून होता. मी नको म्हणाले. आनंदाचा एक दिवस दरवर्षीच्या शोकाला जोडून टाकू नये, असे माझे मत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितले, "३० सप्टेंबर. ऑर्कुट गेलं तो दिवस. तेव्हाही आम्ही सामान बांधलं होतं." २०२४ मध्ये त्या गोष्टीला दहा वर्षे होत होती.

निवेदनानंतर चारशे-साडेचारशे संदेश आले. बहुतेक प्रेमाचे होते, काही रागाचे होते, आणि एकाने लिहिले की, दादांनी लोकांच्या ठेव्याचा विश्वासघात केला. त्या एका संदेशाने पुन्हा धडधड सुरू झाली. आम्ही वही उघडली आणि त्या गृहस्थांची ध्वनिमुद्रणे कोणत्या तारखेला परत केली ती नोंद पाहिली. दादांनी त्यांना तेवढेच उत्तर लिहिले. काही तरुण सदस्यांनी नवा गट काढला. दादांनी त्यांना शुभेच्छा दिल्या आणि सल्लागार होण्याचे आमंत्रण नाकारले. ३० सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपचे गट मिटले. फेसबुकवरचे जुने लिखाण वाचता येईल पण नवे लिहिता येणार नाही, असे करून ठेवले. ते कायमचे पुसावे का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणाले की, हा निर्णय याच महिन्यात घेऊ नका.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते आणि ते सोपे जातील असे मी त्यांना सांगितलेही नव्हते. सकाळी सहाला हात फोनकडे जाई आणि तिथे काही नसे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की, शोकातला माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या आयुष्याकडे आळीपाळीने वळत राहतो, आणि हे येणे-जाणे म्हणजेच सावरण्याची रीत आहे. दादांना याचा उपयोग झाला, कारण एखादा दिवस बरा गेला की आपण विसरलो म्हणून त्यांना अपराधी वाटे, आणि वाईट गेला की आपण कधीच सावरणार नाही असे वाटे. आम्ही एकच छोटी गोष्ट ठरवली: रोज संध्याकाळी एक तबकडी, फक्त एक बाजू, तीन-साडेतीन मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिल्या आठवड्यात ऐकता ऐकता ते मनातल्या मनात गटासाठी टिपण लिहीत होते. नोव्हेंबरात केव्हातरी ते थांबले. आता त्यांच्या पत्नीही शेजारी येऊन बसतात.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मला दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. त्यांच्या गटात वीस-पंचवीस माणसे अजून लिहीत आहेत. त्यांपैकी कुणी आपणहून गट चालवायला मागितला तर तो द्यावा, मात्र दिल्यावर मागे वळून सूचना देऊ नयेत. कुणी मागितला नाही तर वारसदार शोधत फिरू नये. वही घ्यावी, देणी लिहावीत, तारीख ठरवावी. आणि हो, अशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे जावे. झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वाट पाहू नये. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच क्षणी बोलावे. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

दादांची आणि माझी शेवटची भेट २०२५ च्या जुलैमध्ये झाली. २६ जूनला ते पत्नीसह रंगमंदिरात जाऊन आले होते. जुन्या गटातील चौघे भेटले, चहा झाला, कुणी छायाचित्र काढले नाही. वही त्यांनी सोबत आणली होती. एक सोडून सगळ्या नोंदींवर तारखेसह रेघ होती. आतेभावाला त्यांनी मार्चमध्ये हाताने पत्र लिहिले होते, त्याला उत्तर आले नव्हते. "याच्यावर रेघ मारू का?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "पत्र तुम्ही लिहिलंत. रेघेचं तुम्ही ठरवा." त्यांनी पेन काढले, थोडा वेळ हातात धरले, पुन्हा खिशाला लावले, आणि वही पिशवीत ठेवून निघाले.