ट्रेलरमध्ये किती दाखवायचं?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरला जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. २२ मिनिटांचा सायकॉलॉजिकल थ्रिलर केलाय. होस्टेलमधल्या एका मुलीची रूममेट नाहीशी होते आणि सगळे तिला सांगतात, तुझ्या खोलीत दुसरं कुणी राहतच नव्हतं. ट्रेलर तीन मिनिटांचा झालाय, तरी सर म्हणतात गोष्ट कळत नाही. पोस्टरवर ‘वेडी की खरी?’ अशी ओळ आहे. पैसे जवळपास नाहीत, म्हणून रूममेटचा फोटो घालून ‘हरवली आहे’ अशी पत्रकं एसटी स्टँडवर लावायचा विचार आहे. कसं वाटतं?

उत्तर : आधी पत्रकांचं. कृपा करून ती लावू नका. १९९९ साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या भयपटवाल्यांनी अशीच पत्रकं वाटली होती आणि त्यातल्या नटीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली. स्टँडवर खरोखर हरवलेल्या मुलींचे फोटो लागतात, त्यांच्यापुढे आई-बाप थांबतात. शिवाय कुणीतरी तुमच्या पत्रकाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार, आणि तुमच्या मैत्रिणीचा चेहरा कितीतरी दिवस फिरत राहणार. ‘वेडी की खरी?’ही काढा. आजारी माणसाला ती ओळ लागते, आणि शेवट काय असणार याचे दोनच पर्याय तुम्ही आधीच हातात देऊन टाकता.

आता ट्रेलर. सर म्हणतात ते मला पटत नाही. गोष्ट नाही कळली तरी चालेल, प्रश्न कळला पाहिजे. तुमचा प्रश्न एवढाच : ती होती की नव्हती? त्याच्याशी संबंध नसलेलं दृश्य कितीही देखणं असो, कापा. तुमच्या लांबीच्या फिल्मला पन्नास-साठ सेकंद पुष्कळ झाले. शेवटच्या सात-आठ मिनिटांतलं काहीच घेऊ नका. डॉक्टरांची केबिन नुसती दिसली तरी थ्रिलर बघणारा माणूस पुढचं ओळखतो.

ट्रेलरसाठी वेगळं शूट केलं तरी चालतं. १९६० च्या ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक स्वतःच सेटवर फिरवून आणतो, सहा मिनिटांहून जास्त वेळ. शेवटी शॉवरचा पडदा ओढल्यावर किंचाळते ती व्हेरा माइल्स. चित्रपटात त्या जागी जॅनेट ली आहे. तुम्हाला ती खोली अजून एक दुपार मिळत असेल तर मी असं करेन : दोन खाटा, एकीवर गादी-चादर, दुसरी उघडी. मुलगी गादीवर बसलीय. आत बाथरूममध्ये नळ चालू आहे, बादली भरत आल्याचा आवाज. मुलगी हललेली नाही. नळ बंद होतो. ती दाराकडे बघते. तिथेच कट. संवाद नको, संगीत नको. हाच तुकडा फोन उभा धरून वेगळाही घ्या, रीलसाठी. आडवा शॉट कापून उभा केला की दुसरी खाट फ्रेमबाहेर जाते, मग उरलं काय?

फुकट साउंड लायब्ररीतला तो ‘धडाम’ आवाज टाळा, प्रत्येक विद्यार्थी-थ्रिलरमध्ये तोच असतो. सिनेमाचं गाणं तर नकोच, यूट्यूब ते लगेच ओळखतं आणि महोत्सववाले हक्कांचा कागद मागतात. रिकाम्या खोलीचा पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, शांततेच्या जागी तो लागतो. मिक्स झाल्यावर हेडफोन काढून साध्या फोनवर ऐका. खोल घुमणारा आवाज तिथे ऐकूच येत नाही, आणि तुमचे निम्मेअधिक प्रेक्षक फोनवरच बघणार.

पोस्टरला होस्टेलच्या हजेरीवहीचं एक पान घ्या : खोली नंबर, खाटा दोन, नाव एकच. खाली फिल्मचं नाव, तारीख, वेळ, हॉल. रेक्टरांना विचारून मेसच्या बोर्डांवर लावा. स्क्रीनिंगचा हॉल पक्का झाल्यावरच ट्रेलर टाका, आठवडाभर आधी पुरे. पूर्ण फिल्म मात्र इतक्यात यूट्यूबवर नको. ऑनलाइन आलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत, तेव्हा जिथे पाठवणार त्यांचे नियम आधी वाचून घ्या.