पायाखालचं पेडल आणि डोक्यावरची कौलं

खानापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 27, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी, हातात पगार 24,000. महिन्यातले दोन शनिवार ते टिळकवाडीतल्या एका कॅफेत गिटारवर गातात, सोबत कहोन, म्हणजे हातानं वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य, वाजवणारा मित्र असतो. मालक दर कार्यक्रमाला दोघांचे मिळून 2,500 देतो, त्यातले 1,000 मित्राचे. आता त्यांना बॉस कंपनीचं आरसी-500 हे लूप पेडल, म्हणजे पायानं दाबलं की वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, घ्यायचंय. दुकानदारानं किंमत 36,000 सांगितली, ‘नो कॉस्ट ईएमआय’वर महिना 3,000, बारा महिने. ठेका स्वतःच वाजवायचा, पेडलवर फिरवत ठेवायचा, मित्राचे हजार वाचवायचे. दीड वर्षात पैसे वसूल. ईएमआय घेऊ, की कौलं बदलायला म्हणून नऊ महिने भरत आलेली रोज शंभरची पिग्मी ठेव मोडू, असं विचारलंय.

दोन्ही नको.

तुमच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा तुमच्या हातात नाही, कॅफेमालकाच्या हातात आहे. तो आज 2,500 देतो ते दोन माणसं समोर बसलेली दिसतात म्हणून. उद्या एकटेच दिसलात की तो घासाघीस करणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती. समजा 1,800 वर तुटलं, तर आजच्या 1,500 वर तुमचे जास्तीचे फक्त 300. मग 36,000 सुटायला 120 कार्यक्रम लागतात, म्हणजे महिन्याला दोन धरून पाच वर्षं. मित्राला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणण्याआधी मालकाशी एकदा चहा प्या आणि एकट्याचा दर विचारा. फुकटात होण्यासारखी एवढीच चौकशी आहे आणि तीच राहिलीय.

‘नो कॉस्ट’चं म्हणाल तर व्याज असतंच. दुकानदार तेवढी सूट किमतीत दाखवतो आणि बँक ते व्याज हप्त्यात घेते. 16 टक्के दर धरला तर 3,000 च्या बारा हप्त्यांत व्याज साधारण 2,900 होतं. त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे पाचशेच्या वर, तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. तरी मला खटकतं ते दुसरंच. पेट्रोल-खाणं वजा जाता गाण्यातून तुमच्या हातात महिन्याला 2,400 उरतात आणि हप्ता 3,000 चा. म्हणजे छंदाचा हप्ता पगारानं भरायचा. त्यात पावसाळ्यात कार्यक्रम गळतात, हप्ता गळत नाही.

पिग्मी मोडायचा विचार तर सोडाच. सिंडिकेट बँकेनं 1928 साली रोज दोन आण्यांपासून ही योजना सुरू केली ती अशा हातावरच्या बचतीसाठीच. मुदतीआधी मोडली की बहुतेक ठिकाणी कमिशन कापतात, आणि साठलेले 27,000 ज्या कौलांसाठी आहेत ती खानापूरच्या पावसात थांबत नाहीत. जाता जाता एक: तुमची पिग्मी सोसायटीत आहे, बँकेत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. मुदत संपली की पैसे तिथंच गुंतवू नका.

आता पेडल. आरसी-500 ला माइक जोडता येतो, म्हणून ते तुम्हाला हवंसं वाटतं. पण तुमचा आवाज कॅफेच्या मिक्सरला थेट जातोच. फिरवायची आहे फक्त गिटार आणि तिच्या पोटावरची थाप. त्याला एका बटणाचं साधं पेडल पुरतं. त्याच कंपनीच्या आरसी-1 मध्ये बारा मिनिटं रेकॉर्ड होतं. गाण्याला आठ-सोळा मात्रांची फेरी लागते. तुम्ही त्याची किंमत अडॅप्टर आणि केबल धरून 12,000 लिहिलीय. गाण्याच्या कमाईतले 7,000 बाजूला आहेतच. दोन महिने तीच कमाई साठवा, वर दोनशे टाका, रोखीनं घ्या. 300 च्या हिशेबानं हेसुद्धा सुटायला चाळीस कार्यक्रम लागतील, म्हणून याला गुंतवणूक म्हणू नका. आवड आहे, झेपते, घ्या.

ते दोन महिने वाया जाणार नाहीत. केरवा या आठ मात्रांच्या तालाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पेडल दाबायचं, आठ मात्रा वाजवायच्या आणि पुढच्या समेवर नेमकं पुन्हा दाबायचं. अर्धी मात्रा उशीर झाला तर तेवढी फट दर फेरीला परत येते, लोकांसमोर, गाणं संपेपर्यंत. हे पायाला शिकवायला पेडल लागत नाही. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एका लयीत टिकटिक करणारं ॲप, लावा, जमिनीवर चप्पल ठेवा आणि गाता गाता समेवर तीच दाबा. माझ्या भाच्याला यात सहा आठवडे गेले, आणि तो तबला शिकलेला.

मालक एकट्यालाही 2,500 द्यायला तयार झाला आणि सलग सहा कार्यक्रम त्यानं ते खरंच दिले, तर मला पुन्हा लिहा. कौलं बसलेली असतील तर आरसी-500 चा विचार तेव्हा करू.